डिस्क गोल्फ डबल्स आणि एक जास्तीचा गडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोड्या लावायला उभं राहावं आणि माणसं मोजली तर नेमकी सात, नाहीतर नऊ. आमच्या गटात जोड्या लावायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे या एका जास्तीच्या माणसाचं काय करायचं हे लोक मला सारखं विचारत असतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, पुढे अडचणीचे. नियम कोणताही घ्या, पण पहिला थ्रो पडायच्या आत तो सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. मी पाहिलेली जवळपास सगळी भांडणं नियम वाईट होता म्हणून झालेली नाहीत, तो आधी कुणी बोललंच नव्हतं म्हणून झाली आहेत.

१. आम्ही नवीन आहोत. डबल्स खेळतात कसं?

डिस्क गोल्फमध्ये टी पॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, डिस्क फेकत न्यायची आणि कमीत कमी थ्रोमध्ये साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची. असा एक टप्पा म्हणजे एक होल. डबल्समध्ये दोघांची एक जोडी आणि जोडीचा एकच स्कोअर. सगळ्यात जास्त खेळला जातो तो बेस्ट शॉट. दोघेही टी पॅडवरून टाकतात, दोन्ही डिस्क पाहून त्यातली बरी निवडतात, तिथे मिनी, म्हणजे खुणेची छोटी डिस्क, ठेवतात आणि पुढचा थ्रो दोघेही त्याच जागेवरून टाकतात. दोघांपैकी एकाची डिस्क बास्केटमध्ये पडली की होल संपला. जोडीने एका जागेवरून टाकलेले दोन थ्रो स्कोअरमध्ये एकच धरले जातात.

बेस्ट स्कोअर, ऑल्टरनेट शॉट आणि वर्स्ट शॉट हेही प्रकार आहेत. त्यांचं गणित वेगळं पडतं, म्हणून ते प्रश्न ११ मध्ये घेतले आहेत. बाकी सगळीकडे बेस्ट शॉट समजा.

२. आम्ही पाच जण आलो. एकाला नुसतं बघत बसवायचं का?

नाही. लहान मुलांच्या खेळात लिंबूटिंबूला सुद्धा पळायला मिळतं, इथे तर माणूस डिस्कची बॅग खांद्याला लावून खेळायला आलेला असतो.

रस्ते तीन आहेत. एक जण जादा थ्रो घेऊन एकटा खेळतो (प्रश्न ३). किंवा एक संघ तिघांचा होतो (प्रश्न ८). किंवा जोड्या कायमच्या न ठेवता दर होलला बदलतात (प्रश्न ९ आणि १०). सात किंवा त्याहून जास्त माणसं असली तर मी पहिला रस्ता घेते. तिघे किंवा पाच जण असले तर जोड्या बदलत ठेवणं मला जास्त आवडतं, कारण त्यात दिवसभर एकटं कुणीच राहत नाही.

३. ‘कॅली’ म्हणजे काय?

जोडीच्या खेळात भिडू नसलेला गडी. त्याला दर होलला एक जादा थ्रो मिळतो, म्हणजे होलमधल्या कोणत्याही एका जागेवरून तो दोनदा टाकू शकतो आणि दोन्हींपैकी बरा थ्रो निवडू शकतो. स्कोअरमध्ये ते दोन मिळून एकच थ्रो. बाकी सगळं एकेरीसारखं. या सवलतीलाही आम्ही कॅलीच म्हणतो.

जादा थ्रो त्याच होलपुरता असतो. वापरला नाही तर गेला, पुढे साठत नाही. काही गटांत १८ जादा थ्रो सुरुवातीलाच देतात आणि हवे तेव्हा वापरू देतात. आम्ही ते करून पाहिलं आणि सोडून दिलं. किती उरले याचा हिशोब नवव्या होलपर्यंत कुणालाच लागत नव्हता, शिवाय शेवटच्या होलवर एकाच माणसाने सलग पाच पुट (बास्केटजवळचे थ्रो) मारलेले पाहायला बाकीच्यांना बरं वाटत नाही.

४. एकच जादा थ्रो पुरतो का? जोडीला तर प्रत्येक जागेवरून दोन मिळतात.

आकडे मांडून पाहू. समजा एखाद्या अंतरावरून तुमचे निम्मे पुट पडतात. तुमच्याच तोडीचा भिडू असेल तर दोघांपैकी एकाचा तरी पडण्याची शक्यता ७५ टक्के होते, कारण दोघांचेही चुकण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे २५ टक्के. कॅली गड्याचा जादा थ्रो शिल्लक असेल तर त्याचेही ७५ टक्केच. पण तो टी पॅडवर खर्च झाला असेल तर पुन्हा ५०. म्हणजे समान तोडीच्या जोडीसमोर कॅली गडी थोडा मागेच असतो.

तरी आम्ही एकच ठेवतो, आणि त्याचं कारण आहे. चिठ्ठ्या टाकून लावलेल्या जोड्या समान तोडीच्या क्वचितच असतात. मुरलेला खेळाडू एकटा पडला तर त्याच्या प्रत्येक थ्रोमागे त्याचाच हात असतो, आणि समोर एक मुरलेला आणि एक शिकाऊ अशी जोडी असते. तिथे एका जादा थ्रोवर सामना बऱ्यापैकी बरोबरीत येतो. एकटा पडलेला गडी शिकाऊ असेल तर मात्र एक पुरत नाही. त्याला दर होलला दोन द्या, एक टी पॅडवर आणि एक पुढे कुठेही.

जादा थ्रो कुठे वापरायचा यात खरी मजा आहे. होल आखूड आणि मोकळा असेल तर तो पुटसाठी राखून ठेवावा. दोन्ही बाजूंना झाडी आणि मधून अरुंद बोळ असेल तर पहिली डिस्क खोडावर आपटताच वापरून टाकावा. झुडपातून दोन थ्रो घालवून बाहेर आल्यावर राखून ठेवलेल्या पुटने काही भरून निघत नाही.

५. मग दर जागेवरून दोन थ्रो का देत नाही?

देता येतात. स्वतःच स्वतःचा भिडू व्हायचं. दोन अडचणी येतात. चांगला खेळाडू असेल तर त्याला स्वतःइतकाच चांगला भिडू मिळतो, आणि तसा भिडू बाकी कुणाच्याच वाट्याला आलेला नसतो. दुसरी अडचण हाताची. १८ होलला स्कोअर ५० च्या आसपास आला तर शंभराच्या घरात थ्रो होतात. शेवटच्या चार-पाच होलला खांदा बोलायला लागतो आणि गटही त्याच्यामुळे रेंगाळतो. नऊ होलचा छोटा डाव असेल तर चालेल.

६. एकटं कोणी खेळायचं हे ठरवायचं कसं?

चिठ्ठीने. आम्ही पत्ते वापरतो. नऊ जण असतील तर दोन राजे, दोन राण्या, दोन गुलाम, दोन एक्के आणि एक जोकर. पालथे धरायचे, प्रत्येकाने एक ओढायचा, सारखा पत्ता आला ती जोडी, जोकर आला तो एकटा. मागच्या खेपेला ज्याला जोकर आला होता त्याने पुन्हा ओढला तर तो परत टाकून दुसरा घेतो. तेवढं एका वहीत लिहून ठेवलं की पुरतं.

एक अपवाद मी कधीच सोडत नाही. पहिल्यांदा आलेल्या माणसाला एकटं खेळवायचं नाही. एकदा आम्ही खेळवलं. जोकर त्याला आला, कुणी काही बोललं नाही, आणि तो अठराच्या अठरा होल दोन जोड्यांच्या मागून चालला. जोड्या आपापसात कुठली डिस्क, कुठून वळवायची हे ठरवत होत्या. त्याला विचारायला कुणी नव्हतं. सातव्या होलवर तो टी पॅडवर दोन डिस्क हातात घेऊन बराच वेळ उभा होता, आणि मी लांबून पाहत होते. जाऊन ‘ही घे’ म्हणायला हवं होतं, गेले नाही. तो पुन्हा आला नाही. तेव्हापासून नवख्याला जोकर आला तर गटातल्या जुन्या माणसाने स्वतःहून पत्ता बदलायचा, हा आमच्याकडे नियमच आहे.

७. जादा थ्रो आधी जाहीर करावा लागतो का? आणि दुसरा थ्रो आणखी वाईट गेला तर?

आधी जाहीर करायची गरज नाही. पहिला थ्रो पाहूनच ठरवायचं. पण दोन गोष्टी खेळ सुरू व्हायच्या आत बोलून घ्या.

पहिली: ‘निवड’ की ‘बदली’? निवडीत दोन्हींपैकी हवा तो थ्रो घेता येतो. बदलीत दुसरा टाकला की पहिला रद्द, दुसरा कसाही पडो. बेस्ट शॉट खेळत असाल तर निवडच रास्त, कारण जोडीलाही निवडच मिळते. जादा थ्रोसाठी वापरला जाणारा ‘मुलिगन’ हा शब्द काहींच्या मनात बदलीचा असतो, काहींच्या निवडीचा, म्हणून आमच्याकडे मी तो वापरतच नाही.

दुसरी: मिनी उचलली की जादा थ्रोचा हक्क संपला. हे आम्ही एका पुटवरून शिकलो. गड्याचा पुट साखळ्यांवर बसला, थरथरला आणि बाहेर पडून कडेवर घरंगळत उतारावरून खाली गेला. डिस्क आणायला धावता धावता त्याने सवयीने मिनी उचलून खिशात घातली. वर येऊन म्हणाला, माझा जादा थ्रो आहे. होताही. पण जागा कुठली? तिघांनी तीन जागा दाखवल्या, आणि त्यांत पाऊलभराचं अंतर होतं. मिनीमागची उभं राहायची जागा नियमाने २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब असते, तिथे पाऊलभर म्हणजे खूप झालं. म्हणून पुट चुकला की आधी ‘जादा घेतो’ म्हणा, मिनीला हात लावू नका, बॅगेतून दुसरी डिस्क काढा.

प्रत्येक थ्रोला ३० सेकंद हा नियम जादा थ्रोलाही लागू. बास्केटपासून १० मीटरच्या आत पुट मारल्यावर तोल सावरूनच पुढे पाऊल टाकायचं, हेही दोन्ही पुटना लागू.

८. तिघांचा संघ केला तर?

सगळ्यांना गप्पा मारायला मिळतात, म्हणून लोकांना हा पर्याय फार आवडतो. पण तिघांनीही प्रत्येक जागेवरून टाकलं तर तो संघ भारी पडतो. प्रश्न ४ मधलंच गणित पुढे न्या: निम्मे पुट पडणारे तिघे असतील तर एक तरी पडण्याची शक्यता ८७.५ टक्के. दोघांच्या जोडीला ७५. दर होलला हा फरक साचत जातो.

त्यावर उपाय आहेत. सगळ्यात सोपा म्हणजे दर होलला एकाने बसायचं, पाळीपाळीने. १८ होल असतील तर प्रत्येक जण सहा होल बसतो आणि तिघांतली प्रत्येक जोडी सहा होल एकत्र खेळते. बसलेल्याने डिस्क शोधायच्या आणि स्कोअर लिहायचा.

मला मात्र दुसरा उपाय जास्त आवडतो. टी पॅडवरून तिघेही टाकतात, पण ज्याची डिस्क निवडली त्याने पुढचा थ्रो टाकायचा नाही, बाकीच्या दोघांनी टाकायचा. मग त्यांच्यातल्या ज्याची निवडली तो थांबतो आणि आधीचा परत येतो. टी पॅड सोडलं तर प्रत्येक जागेवरून दोनच थ्रो पडतात, आणि भारी खेळाडू टी पॅडवर चमकला की पुढच्या थ्रोची जबाबदारी आपोआप इतरांवर येते. टी पॅडवरचा तिसरा थ्रोही खटकत असेल तर तिथे पाळीने दोघांनीच टाकावं.

९. आम्ही तिघेच आहोत. डबल्स होतं का?

छान होतं. क आणि ख विरुद्ध ग, मग ख आणि ग विरुद्ध क, मग ग आणि क विरुद्ध ख. एकट्याला कॅली. गुण प्रत्येकाचे वेगळे मोजायचे: जोडी जिंकली तर दोघांना एकेक, एकटा जिंकला तर त्याला दोन, बरोबरी झाली तर कुणालाच नाही.

अदलाबदल दर होलला करा. सहा-सहा होलचे तीन तुकडे पाडले तर लांब होल एकाच्याच एकटेपणात येऊ शकतात.

१०. पाच जणांसाठी काय?

पाच जणांना ‘लांडगा’ नावाचा खेळ. प्रत्येक होलला एक जण लांडगा होतो, पाळीने. तो पहिला टाकतो. मग बाकीचे एकेक करून टाकतात, आणि प्रत्येक थ्रोनंतर लगेच, पुढचा टाकायच्या आत, लांडग्याने ठरवायचं: हा माझा भिडू की नाही. नाही म्हटलं की त्याच्याकडे परत येता येत नाही. भिडू घेतला की दोघे विरुद्ध तिघे. चारही सोडले तर तो एकटा विरुद्ध चौघे.

पुढे प्रत्येक जण आपापली डिस्क खेळतो आणि बाजूतला सगळ्यात कमी स्कोअर त्या बाजूचा. आमचे गुण असे: दोघांची बाजू जिंकली तर दोघांना दोन-दोन, तिघांची जिंकली तर तिघांना एकेक. लांडगा एकटा जिंकला तर चार, हरला तर बाकी चौघांना एकेक. बरोबरी झाली तर गुण नाहीत. १५ होलमध्ये प्रत्येक जण तीनदा लांडगा होतो. उरलेल्या तीन होलना त्या वेळी सगळ्यात मागे असलेल्याला लांडगा करतो, त्यामुळे शेवटपर्यंत कुणी खेळातून उठत नाही.

तिसरी डिस्क बास्केटपासून दोन पावलांवर जाऊन पडते आणि दुसऱ्यालाच ‘हो’ म्हणून बसलेल्या लांडग्याचा चेहरा! पाच माणसं असली की आता कुणी जोड्यांचा विषयच काढत नाही.

११. बेस्ट शॉट नसेल तर एकट्याला काय द्यायचं?

इथे बहुतेक जण सरसकट कॅली देतात, आणि ते चुकतं.

ऑल्टरनेट शॉटमध्ये जोडीसुद्धा प्रत्येक जागेवरून एकदाच टाकते, फक्त भिडू आलटून पालटून. एकटा सगळे थ्रो स्वतः टाकतो. त्याचं काहीच बुडत नाही, तेव्हा जादा थ्रोही नाही.

बेस्ट स्कोअरमध्ये दोघे आपापली डिस्क शेवटपर्यंत खेळतात आणि कमी स्कोअर जोडीचा. इथे एकट्याला ‘पारचा भिडू’ द्यावा: नसलेला भिडू प्रत्येक होलला पार, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या थ्रोंचा स्कोअर, करतो असं धरायचं. एकट्याचा होल बिघडला तरी पार मिळतो, आणि पारपेक्षा कमी आणायचं असेल तर ते स्वतःच आणावं लागतं. हा न दिसणारा भिडू बेस्ट शॉटमध्ये मात्र निरुपयोगी, कारण त्याची डिस्क कुठे पडली हे कुणी सांगायचं?

वर्स्ट शॉटमध्ये सगळं उलटं. जोडीला दोन्हींतली वाईट डिस्क घ्यावी लागते आणि पुटही दोघांचेही पडावे लागतात. एकट्याला एकच थ्रो दिला तर त्याचं फावतं. म्हणून त्याने प्रत्येक जागेवरून दोनदा टाकायचं आणि वाईट घ्यायची. निम्मे पुट पडणाऱ्याला लागोपाठ दोन पाडायचे म्हणजे २५ टक्के.

१२. पहिला थ्रो आउट ऑफ बाउंड्स गेला आणि जादा थ्रो घेतला. दंड लागतो का?

न निवडलेल्या थ्रोचा दंड लागत नाही. जोडीतल्या एकाची डिस्क बाहेर गेली आणि दुसऱ्याची निवडली तरी तसंच असतं. दोन्ही बाहेर गेल्या तर एक निवडायची आणि तिचा एक थ्रो दंड घ्यायचा. हरवलेल्या डिस्कचंही हेच. ‘बदली’चा नियम घेतला असेल (प्रश्न ७) तर दुसऱ्या थ्रोचं जे होईल तेच खरं.

१३. कॅली गड्याने जादा थ्रोवर एस मारला, म्हणजे टी पॅडवरूनच डिस्क थेट बास्केटमध्ये टाकली, तर?

स्कोअर १. त्यात शंका नाही.

वाद होतो तो एस मारणाऱ्यासाठी सगळ्यांनी मिळून काही पैसे जमवले असतील तेव्हा. आमचा नियम असा: एका माणसाने एकदा भरलं, तर त्याचा टी पॅडवरचा एकच थ्रो त्यासाठी पात्र, आणि तो पहिला. जोडीतल्या दोघांनी वेगवेगळं भरलेलं असतं, म्हणून त्यांचा प्रत्येकी एक. दोनदा भरून दोन्ही थ्रो पात्र करण्याची मुभा द्यायची असेल तर तीही सगळ्यांसमोर, आधीच.

१४. कुणी उशिरा आला, किंवा मधूनच निघून गेला तर?

उशिरा आलेला पुढच्या होलपासून येतो, चालू होलमध्ये नाही. त्याला कॅली गड्याचा भिडू करा. दोघेही खूश होतात. त्या होलपासून जादा थ्रो बंद, आधीचा स्कोअर तसाच.

निघून गेला, किंवा खांदा धरून बसला, तर उरलेला भिडू पुढच्या होलपासून कॅली. चालू होल जिथे आहे तिथून एकट्याने संपवावा, आणि त्या होलसाठी एक जादा थ्रो द्यावा. दुखापत झालेल्याला फक्त पुट मारता येत असतील तर त्याला पुट मारू द्या, जोडी मोडू नका.

१५. गट कसे पाडायचे?

एका गटात दोन संघ बरे. अकरा जण असतील तर पाच जोड्या आणि एक कॅली, म्हणजे सहा संघ आणि तीन गट. नऊ असतील तर पाच संघ होतात, एक गट दोनाचा आणि एक तीनाचा. अशा वेळी कॅली गडी तीन संघांच्या गटात टाका. तिथे सहाऐवजी पाचच माणसं होतात आणि चाल मंदावत नाही. तेरा असतील तर दोन, दोन आणि तीन, कॅली पुन्हा तीनात.

१६. बरोबरी झाली आणि जादा होल खेळायचे झाले, तर कॅली चालू राहते का?

हो, दर होलला एक, आधीसारखीच. ज्या सवलतीवर तो बरोबरीपर्यंत आला ती ऐन वेळी काढून घेऊ नये.

१७. अधिकृत स्पर्धेत यातलं काय चालतं?

इथलं सगळं मित्रमंडळींच्या खेळासाठी आहे. पीडीजीएच्या (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) नियमांखाली होणाऱ्या स्पर्धेत एकट्या गड्याचं काय करायचं हे नाव नोंदवतानाच आयोजकांना विचारा, आणि उत्तर गटातल्या सगळ्यांच्या कानावर घाला.

१८. एकट्याने टी पॅडवर दोन्ही थ्रो लागोपाठ टाकायचे, की इतरांचं झाल्यावर दुसरा?

लागोपाठ. पहिला पडला, पाहिला, हवा असेल तर लगेच दुसरा. इतरांच्या डिस्क कुठे पडतात ते पाहून मग जादा थ्रो घ्यायचा की नाही हे ठरवणं म्हणजे जोड्यांना न मिळणारा फायदा घेणं. अपवाद एकच: पहिली डिस्क कुठे पडली ते झाडीमुळे दिसलंच नाही, तर गटातल्या एकाला पुढे पाठवून हात वर करायला सांगा, आणि तोवर बाकीच्यांना टाकू देऊ नका.